रोबो सामन्यात मध्येच दम सोडतो? नवी बॅटरी घेण्याआधी या क्रमाने तपासा

हे एफआरसीच्या, म्हणजे शाळकरी संघांच्या रोबो स्पर्धेच्या, रोबोंबद्दल आहे. आधी लक्षणं. यांतलं एखादं तरी ओळखीचं वाटेल.

- सामना सुरू होऊन मिनिट-दीड मिनिट झालं की रोबो जडावतो. झपकन पळ काढताना किंवा समोरच्याला रेटताना सगळ्या मोटर्स क्षणभर गप्प होतात, परत चालू होतात, परत गप्प होतात.
- ड्रायव्हर स्टेशनवर (रोबो चालवायच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमवर) ब्राउनआउटची, म्हणजे व्होल्टेज फार पडल्याने मोटर्स तोडल्याची, सूचना येते. सामना संपल्यावर बॅटरी मोजली तर मीटर १२.३ किंवा १२.४ दाखवतो, म्हणजे वरवर सगळं ठीक.
- रोबोरिओ (रोबोचा मुख्य संगणक) किंवा रेडिओ पूर्ण बंद पडून नव्याने सुरू होतो. हे वरच्यापेक्षा वेगळं लक्षण आहे, त्याबद्दल पुढे.
- चार्जरला लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच हिरवा दिवा लागतो. मुलं खूश, पण बॅटरी तशीच.
- चार्जर बॅटरी घ्यायलाच तयार होत नाही.
- रात्रभर चार्ज झालेली बॅटरी सरावात दहा मिनिटांत मान टाकते.

एफआरसीच्या हंगामात नव्या पालक-मेंटरांचा ठरलेला प्रश्न असतो, "मीटरवर १२.८ होते, मग बंद कशी पडली?" मीटर खोटं बोलत नाही, पण आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारत असतो. नुसत्या ठेवलेल्या बॅटरीचं व्होल्टेज ती किती भरलेली आहे याचा अंदाज देतं. दीडशे अँपिअर ओढल्यावर ती किती तग धरेल, हे त्यातून कळत नाही. ते ठरतं तिच्या अंतर्गत रोधावर, आणि बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या प्रत्येक जोडाच्या रोधावर.

हिशेब सोपा आहे. आपली बॅटरी १२ व्होल्टची, १७ ते १८.२ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद एजीएम, म्हणजे आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली शिशाची बॅटरी. चांगल्या बॅटरीचा रोध आणि वायरिंग मिळून २० मिलिओहम धरू. १५० अँपिअर ओढले की ३ व्होल्ट पडतात आणि १२.७ चे ९.७ होतात. रोबो मजेत चालतो. हाच एकूण रोध ३५ मिलिओहम झाला तर व्होल्टेज १५० अँपिअरला साडेसातच्या खाली आणि २०० अँपिअरला ५.७ वर येतं. रोबोरिओ ६.३ व्होल्टला मोटर्सचा पुरवठा तोडतो (रोबोरिओ २ मध्ये ही मर्यादा मुळात ६.७५ असते आणि बदलता येते). म्हणजे दोन्ही वेळा बॅटरी तितकीच भरलेली, पण एक रोबो सामना खेळतो आणि दुसरा मैदानाच्या मध्यावर उचक्या देतो. ते जादाचे १५ मिलिओहम कुठे दडलेत, हेच आपल्याला शोधायचंय.

फुकटातली तपासणी: नंबर आणि वही

प्रत्येक बॅटरीवर ठळक नंबर आणि खरेदीचा महिना-वर्ष लिहा. शेजारी वही ठेवा: कोणती बॅटरी, कोणता सामना, आधीचं व्होल्टेज, नंतरचं व्होल्टेज, आणि ड्रायव्हरची तक्रार असल्यास एक शब्द. हे काम कंटाळवाणं आहे आणि मुलं टाळतात, तरी करायला लावा. दोष बॅटरीबरोबर फिरतो की रोबोत मुक्काम ठोकून आहे, हे या वहीशिवाय कळायला मार्ग नाही. तक्रार नेहमी ४ नंबरच्याच बॅटरीवर येत असेल तर बॅटरीकडे बघा. कोणतीही बॅटरी टाकली तरी येत असेल तर रोबोकडे बघा, आणि नव्या बॅटरीवर एक डॉलर किंवा एक रुपयाही घालवू नका.

दोन्ही बाजूंची एकदम उलथापालथ मात्र करू नका. बॅटरी बदलली, केबल बदलली आणि कोडही बदलला, तर दुरुस्ती कशाने झाली ते कोणालाच सांगता येत नाही.

डोळे, हात आणि पाना

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त ‘खराब’ बॅटऱ्या इथेच बऱ्या होतात, म्हणून या तपासणीला वेळ द्या.

बॅटरी रोबोतून काढा. घड्याळ, अंगठी, बांगडी उतरवून ठेवा. बाजू फुगल्यात का, कोपऱ्याला तडा आहे का, टर्मिनलजवळ पांढरट-हिरवट थर आहे का, ते बघा. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी असेल तर पुढच्या तपासण्या तिला लागू नाहीत. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आता टर्मिनलवरचं लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) दोन बोटांत धरून फिरवायचा प्रयत्न करा. फिरलं, अगदी थोडंसंही, तर चोर सापडला. ढिल्या बोल्टमध्ये ५ मिलिओहम रोध असेल तर १५० अँपिअरला तिथे पाऊण व्होल्ट जातो आणि शंभराहून अधिक वॉट उष्णता त्या एका बोल्टवर निघते. उष्णतेने जोड आणखी ढिला होतो, आणि ढिला झाला की आणखी तापतो. आठवड्याभरापूर्वी बरी असलेली बॅटरी अचानक ‘मेल्यासारखी’ वाटते ती यामुळे.

बोल्ट बसवायची पद्धत अशी: लग थेट टर्मिनलला टेकलं पाहिजे. वॉशर लग आणि टर्मिनलच्या मध्ये घालायचा नाही, तो बाहेरच्या बाजूला. नट नायलॉनवाला वापरा, म्हणजे धक्क्यांनी सैल होत नाही. आणि जोर बेताने लावा. टर्मिनल मऊ धातूचं असतं, पिळून काढलं तर आतला जोड तुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. घट्ट झाल्यावर वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) किंवा इन्सुलेशन टेप. काम करताना एका वेळी एकच टर्मिनल उघडं ठेवा. दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकलेला पाना क्षणात लाल होतो.

मग क्रिम्प, म्हणजे लग वायरवर दाबून बसवलेला जोड. वायर एका हातात आणि लग दुसऱ्या हातात धरून चांगला हिसका द्या. वायर हलली तर क्रिम्प बाद. पक्कडीने चेपलेलं लग दिसायला ठीक दिसतं, पण ६ गेजच्या वायरला त्या मापाचं क्रिम्पिंगचं हत्यार लागतं. ते नसेल तर तयार क्रिम्प केलेली केबल विकत आणा. वर सोल्डर ओतून वेळ मारून नेणं मला पसंत नाही. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हिसक्यांनी नेमकी तिथेच तुटते.

बॅटरी रोबोला जोडणारा अँडरसनचा एसबी५० कनेक्टर उघड्या तोंडाने बघा. आतली दोन्ही पाती सारख्या उंचीवर आहेत का? एक मागे सरकलेलं असेल तर कनेक्टर वरून बसल्यासारखा वाटतो आणि आत अर्धवट टेकतो. काळे डाग, खड्डे, वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर कनेक्टर बदला. घासून चमकवण्यात अर्थ नाही.

रोबोच्या बाजूला हीच हिसक्याची परीक्षा मुख्य १२० अँपिअर ब्रेकरच्या दोन्ही नटांना आणि पॉवर डिस्ट्रिब्युशनच्या (मोटर्सना वीज वाटणाऱ्या पेटीच्या) दोन जाड वायरींना. सामना संपताच ब्रेकर बंद करून हे सगळे जोड हाताने चाचपा. बाकीचे कोमट आणि एकच गरम, तर तोच.

रोबोरिओ पूर्ण रिस्टार्ट होण्याचं लक्षण वेगळं म्हटलं ते यासाठी की बॅटरी नुसती थकली असेल तर आधी ब्राउनआउट होतो आणि मोटर्स थांबल्यावर व्होल्टेज सावरतं. रोबोरिओ खरोखर विझायला ते ४.५ च्या खाली जावं लागतं. तसं सहसा होत नाही. त्यामुळे धक्का बसल्यावर सगळंच विझत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी तुटक जोड शोधा: रोबोरिओच्या पुरवठ्याची बारीक वायर, रेडिओची वायर, अर्धवट बसलेला अँडरसन. सगळं विझून परत आलंच नाही तर ब्रेकरचं लाल बटण दाबलं गेलंय का ते बघा. दुसऱ्या रोबोचा हात आत येऊन ते दाबलं जातं. ब्रेकर आडोशाला बसवला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

चार्जर

चार्जरवर तीन गोष्टी वाचा: १२ व्होल्टवर आहे का, एजीएमवर आहे का, आणि करंट ६ अँपिअर किंवा त्याहून कमी आहे का. ६ अँपिअरची मर्यादा स्पर्धेच्या नियमातही आहे. गाडी सुरू करण्यासाठीचा ४०-५० अँपिअरचा ‘बूस्ट’ मोड या बॅटरीवर कधीच वापरू नका.

मग चार्जिंग चालू असताना टर्मिनलवर मीटर लावा. व्होल्टेज हळूहळू चढत १४.४ ते १४.७ पर्यंत गेलं पाहिजे, तिथे काही वेळ थांबलं पाहिजे आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर उतरून स्थिरावलं पाहिजे. १४ च्या पुढे गेलंच नाही तर बॅटरी दरवेळी थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेट साठतं आणि दोन महिन्यांत ‘चार्ज धरत नाही’ ही तक्रार येते. १५ च्या वर गेलं तर आत वायू होतो, व्हॉल्व्ह उघडून बाहेर पडतो, आणि सीलबंद बॅटरीत पाणी परत घालता येत नसल्याने ती कायमची कोरडी पडत जाते.

झटपट हिरवा दिवा का लागतो, तेही इथेच कळतं. रोध वाढलेल्या बॅटरीत करंट शिरताच टर्मिनलचं व्होल्टेज लगेच वर उडी मारतं. चार्जरला वाटतं, पोट भरलं. प्रत्यक्षात आत फारसं काही गेलेलं नसतं. अर्धी रिकामी बॅटरी ६ अँपिअरवर भरायला दीड तास, वर शेवटच्या सावकाश टप्प्याचा वेळ. तीन-चार तास धरून चाला. त्याहून फार लवकर ‘फुल’ म्हणणाऱ्या बॅटरीवर संशय घ्या.

आमच्या मिशिगनमध्ये डिस्ट्रिक्टच्या एका स्पर्धेत संघाला पात्रतेचे १२ सामने मिळतात आणि दोन सामन्यांतलं अंतर कधी अर्ध्या तासाहूनही कमी असतं. म्हणून दोन बॅटऱ्या आलटून पालटून चालत नाहीत. सहा तरी हव्यात, आणि मैदानावरून आलेली बॅटरी रांगेत सर्वांत शेवटी. गरम असेल तर थोडी निवू द्या, मग चार्जरला लावा. इथल्या थंडीचीही काळजी घ्या: ट्रेलरमध्ये राहिलेली रिकामी बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठू शकते. गोठलेली बॅटरी चार्ज करायची नाही, आणि वितळल्यावरही तिचा भरवसा धरायचा नाही.

मुंबई-पुण्याच्या संघांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेतून आणलेल्या चार्जरच्या मागे इनपुट वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर २३० च्या सॉकेटला लावल्याक्षणी तो जळेल. प्लगचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. दुसरं, बॅटरीच्या दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर पाण्याच्या बॅटरीसाठी असतो. त्याला थांबायचं कळत नाही. आणि वीज जाऊन आली की काही चार्जर निवडलेला मोड विसरून बटण दाबायची वाट बघत बसतात. रात्रभर चार्जिंग झालं असं आपण समजतो, तर सकाळी बॅटरी होती तशीच.

विश्रांतीनंतरचं व्होल्टेज

चार्जरवरून काढल्यावर लगेच मोजू नका, तेव्हाचं १३.३ वगैरे दिखाऊ असतं. चार तास, जमल्यास रात्रभर, मोकळी ठेवा. मग १२.८ किंवा जास्त असेल तर पूर्ण भरलेली, १२.५ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे तळाशी. पूर्ण चार्ज करून दोन दिवस नुसती ठेवलेली बॅटरी १२.५ च्या खाली घसरली, तर आतला एखादा सेल गळतोय. १०.५-१०.८ वर येऊन अडकलेली असेल तर सहापैकी एक सेल गेला असं समजा. प्रत्येक सेल दोन-सव्वादोन व्होल्टचा, हिशेब जुळतो.

लोड टेस्ट

एवढ्यावर सगळं ठीक निघालं तर खरी परीक्षा. संघाकडे बॅटरी बीक (बॅटरी तपासायचं हातातलं यंत्र) असेल तर काम मिनिटाचं आहे: तो १८ अँपिअरपर्यंत लोड टाकून अंतर्गत रोध थेट दाखवतो. त्याच्या टक्क्यांनी गोंधळू नका. ते शंभरावर जाऊन १२०-१३० पर्यंत दिसतात. रोधाचा आकडा वाचा.

बीक नसेल तर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा एच४ बल्ब आणा. ६० आणि ५५ वॉटच्या दोन्ही फिलामेंट एकदम लावल्या की नऊ-दहा अँपिअर ओढतात. मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घाला. मीटरचे टोक थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवा, बल्बच्या वायरीवर नाही. नाहीतर वायरचा रोध बॅटरीच्या माथी येतो. बल्बशिवायचं व्होल्टेज लिहा, बल्ब लावून दहा सेकंदांनी परत लिहा. फरकाला अँपिअरने भागा. १२.७५ चे १२.६० झाले आणि करंट १० होता, तर १५ मिलिओहम. बल्बला हात लावू नका, तो क्षणात पोळतो.

ही पद्धत बीकच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, म्हणून सगळ्या बॅटऱ्या एकाच पद्धतीने, तितक्याच सेकंदांनी मोजा आणि आपसांत तुलना करा. मी ठेवतो त्या मर्यादा अशा: १५ पर्यंत बाद फेरीसाठी राखीव, २० पर्यंत सामन्याला चालेल, २० ते ३० फक्त सरावाला आणि पिटमध्ये (संघाच्या दुरुस्तीच्या जागेत) कोड तपासायला, ३० च्या वर भंगार. नव्या बॅटरीचा आकडा आणल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच कामाला येतो.

पूर्ण क्षमतेची चाचणी

रोध चांगला आणि तरी सामन्याच्या शेवटी दम संपतो, अशी बॅटरी क्वचित भेटते. तिच्यासाठी संगणकाला जोडायचं डिस्चार्ज यंत्र वापरून ७.५ अँपिअरने १०.५ व्होल्टपर्यंत उतरवतात. नवी बॅटरी साधारण दीड तास किंवा थोडी जास्त टिकते. १८ एएच भागिले ७.५ म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं, मग उरलेली वीज कुठे गेली, असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. तो १८ चा आकडा वीस तासांत सावकाश उतरवण्याचा, म्हणजे ०.९ अँपिअरचा आहे. घाईने ओढलं की शिशाची बॅटरी कमी देते. तासाभराच्या आत तळ गाठला तर ती सामन्याच्या कामाची नाही.

ही चाचणी वर्षातून एकदा, हंगामाआधी. एजीएमला पूर्ण रिकामी होण्याची चक्रं साधारण दोन-अडीचशेच मिळतात, ती चाचण्यांत उधळू नका. चाचणी संपताच चार्जरला लावा, उद्यावर टाकू नका. कोणीतरी जवळ बसलेलं हवं.

बॅटऱ्या बऱ्या, जोड बरे, तरीही?

मग रोबोच जास्त खातोय. हे सगळ्यात अवघड, कारण इथे मेकॅनिकल आणि प्रोग्रॅमिंगवाल्यांना एकत्र बसवावं लागतं. ड्रायव्हर स्टेशनच्या लॉगमध्ये व्होल्टेजची पिवळी रेघ बघा आणि ती खाली बुडते त्या क्षणी कोणत्या चॅनलचा करंट वर गेला ते शोधा. रोबो ठोकळ्यांवर चढवून एकेक मोटर फिरवा. चार स्वर्व्ह मॉड्यूलपैकी (कोणत्याही दिशेला वळणाऱ्या चाकांच्या संचांपैकी) एकच इतरांपेक्षा दुप्पट ओढत असेल तर बेअरिंग किंवा गिअर आवळलेला आहे. सगळेच सारखे पण भरपूर ओढत असतील तर कोडमध्ये करंटची मर्यादा घाला. ४० अँपिअरचा ब्रेकर मोटरला ४० वर रोखत नाही, तो काही सेकंद त्याहून बरंच जास्त जाऊ देतो. रोखायचं काम मोटर कंट्रोलरच्या सेटिंगचं. स्पर्धेच्या ठिकाणी असाल तर इथे थांबा आणि तिथल्या नियंत्रण यंत्रणेच्या जाणकाराला, म्हणजे कंट्रोल सिस्टीम अ‍ॅडव्हायझरला बोलवा. लॉग वाचणं त्यांचं रोजचं काम आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

इथे हात आखडा

फुगलेली, तडकलेली, पडून आपटलेली, चार्जिंगला हात लाववेना इतकी तापणारी, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी दुरुस्त करायची नसते. सुरक्षित असेल तर चार्जरचा प्लग भिंतीतून काढा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, आणि निवल्याशिवाय हात लावू नका. गळलेल्या आम्लावर हातमोजे आणि चष्मा घालून खायचा सोडा टाका. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरकडे. सोडा डोळ्यात घालू नका.

चार्जर स्वतः बिघडला तर उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा साठा असू शकतो. ते काम इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराचं, किंवा सरळ नवा घ्या.

चार्जर घेत नाही अशी बॅटरी चांगल्या बॅटरीला समांतर जोडून ‘जागी’ करायची युक्ती बरेच जण सांगतात. जागी होते, खरं आहे. पण इतकी खोल गेलेली बॅटरी रोधाच्या परीक्षेत सहसा नापास होते, आणि दोन बॅटऱ्यांमध्ये वाहणाऱ्या करंटवर कोणाचाच ताबा नसतो. शाळेच्या मुलांसमोर मी हे करत नाही.

बाद बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर टेप लावा, वर मोठ्या अक्षरांत ‘बाद’ लिहा आणि केबल कापून घ्या, म्हणजे घाईत कोणी ती परत रोबोत टाकणार नाही. मग ती अमेरिकेत ऑटो पार्ट्सच्या दुकानात आणि भारतात बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली वापरलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांपर्यंत पोचायला हव्यात. वजनावर थोडे पैसेही मिळतात. नवी घेताना वर छापलेली तारीख बघा: दुकानात वर्षभर चार्जशिवाय पडून असलेली बॅटरी नवी म्हणून घरी आणू नका.